सहीपुरतं

फोन आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हात तसेच वर धरून, मोबाइल खांद्यात दाबून बोलले. गावचाच मुलगा, पलीकडच्या वाडीतला. आंब्याच्या दिवसांत पेट्या पोचवतो, उरलेलं वर्षभर जमिनींचं बघतो. ख्यालीखुशाली झाली, पाऊस कसा आहे ते झालं, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली आणि मग तो अगदी सहज म्हणाला, "आत्ये, तुमचां काय, सहीपुरतांच तर आसा. एकदा येवन करून गेल्यात की झालां." मी "बघू" म्हणून फोन ठेवला. बांगडे तळले, जेवणं झाली, ओटा पुसून झाला, तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. राग यावा असं त्यात काही नव्हतं. बोलला तोही आदबीनेच. खुपलं ते एवढ्यासाठी, की तो खरं बोलत होता. देवगड तालुक्यातल्या त्या जमिनीशी माझं जे काही उरलंय ते सहीपुरतंच आहे. मी तिथे राहत नाही, कलमांना खत घालत नाही. गणपतीला जाते, मे महिन्यात जमलं तर जाऊन आंबे खाऊन येते. वडील गेल्यावर वारसनोंदीने सातबाऱ्यावर माझं नाव लागलं, ते आहे. आणि आमच्या सड्यावरचा, म्हणजे वरच्या उघड्या पठारावरचा, जो कातळ एका रिसॉर्टवाल्या कंपनीला हवा आहे, त्याच्या आड सध्या माझं आणि माझ्यासारखी आणखी दोन-तीन नावं येतायत.

सामाईक सातबाऱ्याशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या सड्याच्या गटाचा उतारा काढला की नावांची रांगच्या रांग खाली उतरत जाते. पणजोबांचे तीन मुलगे, त्यांची मुलं, त्यांतले जे गेले त्यांचे वारस. वारसांतल्या काही जणींची माहेरची नावं, काहींची सासरची, एकीची दोन्ही, त्यामुळे ती कागदावर दोनदा जन्मलेली. मधल्या आजोबांचं नाव तर कालपरवापर्यंत जसंच्या तसं होतं. ते गोदीत काम लागलं म्हणून मुंबईला गेले आणि गावी पुन्हा आलेच नाहीत. त्यांचा विषय निघाला की आजी पदर तोंडाला लावायची, म्हणजे काहीतरी भानगड असणार असं आम्ही पोरांनी ठरवून टाकलेलं. सरकारदरबारी मात्र ते शंभरी ओलांडूनही धडधाकट होते. जमीन वरकस, म्हणजे हलकी, डोंगरउताराची, त्यात बराचसा न पिकणारा पोटखराबा, आणि आकार, म्हणजे सरकारी सारा, रुपये-पैशांतला. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो गावी राहून हे सगळं सांभाळतो. त्याने या सामाईकपणाला आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत. बँक कर्ज देत नाही, कारण सामाईक. अनुदानातून कलमं लावायची तर सगळ्या हिस्सेदारांची संमती आणा. एकदा विहिरीच्या कसल्याशा योजनेचा अर्ज सह्यांसाठी डोंबिवली, पुणे करत फिरला आणि परत आला तोवर योजनाच बंद झालेली.

तरीही अलीकडे मला असं वाटू लागलंय, की आमच्याकडच्या जमिनी आजवर राहिल्या त्यात प्रेमाचा वाटा थोडा आणि भाऊबंदकीचा जास्त.

घरामागच्या गडग्यावर एक कापा फणस आहे. मूळ आमच्या बाजूला, कल चुलत्यांच्या अंगणाकडे. काका आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात त्या झाडावरून बोलणं बंद झालं, ते दोघं जाईपर्यंत बंदच राहिलं. फणस कोणी उतरवायचे हे ठरलेलं नाही म्हणून कोणीच उतरवायचे नाहीत. मृग लागला की रात्री धप्पकन आवाज यायचा. सकाळी गडग्यावर दोन्ही बाजूंनी फुटलेला फणस, त्यावर माशा, आणि साऱ्या परसात तो गोड, कुजका, डोकं चढणारा वास. आजी गरे बघून हळहळायची, पण एक गरा उचलायची नाही. पलीकडची काकूही नाही. सुतार दोनदा विचारायला आला, दारांना लाकूड चांगलं होतं. हो कोण म्हणणार? नाही म्हणायलासुद्धा कोणी पुढे आलं नाही, कारण नाही म्हणणं म्हणजे झाड आपलं असल्याचा दावा. आज त्या बुंध्याला मी कवेत घ्यायला गेले तर हात पोचत नाहीत. गावात त्या वयाचे बाकीचे फणस केव्हाच दारं-खिडक्या होऊन गेले.

हे गोड करून सांगावं असं नाही. त्याच भाऊबंदकीने आमचा मांगर खाल्ला. कौलं सरकली, पावसाचं पाणी मातीच्या भिंतीत शिरलं, आणि खर्च कोणी किती द्यायचा यावर पत्रं चालू असतानाच एका श्रावणात मागची भिंत बसली. आता तिथे चिऱ्यांचा ढीग आहे आणि त्यातून उगवलेली घाणेरी. एकाच खोडीने झाड वाचलं आणि घर गेलं.

सड्याचं मात्र असं, की तो वाटून घ्यावा एवढासुद्धा कोणाला वाटला नाही. पणजोबांच्या मागे तिघा भावांनी तोंडी वाटप केलं, तेव्हा थोरल्यांनी भाताचे मळे घेतले, आमच्या आजोबांकडे उताराची जमीन आली, तिथे पुढे कलमं लागली. वरचा सडा तसाच राहिला. कातळ कोणाला हवा होता? गुरं चरायची, पावसाळ्याआधी तिथलं गवत कापून आणायचे, होळीला पोरं तिकडे ओरडत जायची. आता तोच कातळ भाव खातोय, कारण त्याच्या पश्चिमेच्या टोकाला उभं राहिलं की खाली समुद्र आणि डावीकडे खाडीचं तोंड दिसतं. 'सी व्ह्यू' हा शब्द आमच्या आजोबांना कळला असता की नाही कोण जाणे. त्यांच्या लेखी समुद्र ही वाऱ्याने कलमांचा मोहर जाळणारी गोष्ट होती. घर त्यांनी समुद्राकडे पाठ करून बांधलं.

या सामाईक घोळाचा गेल्या काही वर्षांत पद्धतशीर निकाल लावला जातोय, आणि तो लावणारी माणसं आमच्याहून हुशार आहेत. फोनवरच्या त्या मुलाने एकदा मला त्याची फाइल दाखवली. आमची वंशावळ. निळ्या शाईत, पट्टीने रेघा मारून, आमच्या घरात कोणी कधी लिहिली नाही इतकी नेटकी. मधल्या आजोबांच्या नावाखाली एक रेघ उतरली होती आणि तिच्या टोकाला बडोद्याची दोन नावं, फोन नंबरासकट. म्हणजे त्यांनी संसार केला होता. माझी दोन चुलत माणसं या जगात आहेत हे मला एका जमिनीच्या दलालाकडून कळलं. ज्यांचं सोयर-सुतक आम्ही कधी पाळलं नाही, त्यांचं आधार कार्ड त्याच्याकडे होतं. मी बडोद्याला फोन केला. पलीकडच्या बाई मराठी-गुजराती मिसळून फार गोड बोलल्या. त्यांनी कोकण पाहिलेलं नाही. "पप्पा सांगायचे, तिकडे आपलं काहीतरी आहे," म्हणाल्या. कुलमुखत्यारपत्र करून दिलं होतं त्यांनी, पैसेही घेतले होते. मी काय म्हणणार? ज्या माणसाला आम्ही घरातल्या घरात मेलेला धरला होता, त्याच्या नातीला मी जमिनीच्या मायेबद्दल सांगायचं?

वकिलांनी जे समजावलं त्यातलं मला कळलं ते एवढं. अविभक्त हिस्सा विकता येतो. घेणाऱ्याला अमुक तुकडा माझा म्हणून बोट दाखवता येत नाही, त्याने आधी वाटपाचा दावा लावायचा. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारसांना आधी विचारायला हवं, आणि हे शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. मी खूश झाले. वकील म्हणाले, "थांबा. ते एकाच मयताच्या वर्ग एकच्या वारसांपुरतं. बडोद्याच्या बहिणीने विकलं तर तिच्या भावाला हक्क. तुम्ही चुलत शाखा." मग त्यांनी सातबाऱ्यातल्या 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे पूर्वी 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' अशी ओळ होती. कुळाला मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, ही अट. २०१४ च्या दुरुस्तीने ती सैल झाली. कुळाच्या खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या चाळीसपट नजराणा भरायचा आणि मोकळं व्हायचं. आमचा आकार अडीच रुपयांच्या आसपास. चाळीसपट म्हणजे शंभर रुपये. दादाने ते केव्हाच भरलेले, पावती फाइलला लावलेली. देवगडच्या स्टँडवर चौघांचा चहा आणि भजी तेवढ्यात होत नाहीत.

ती ओळ गेली याचं मला वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं याचा विचार करताना मी आणखीच अडकले. कारण ही जमीन 'वडिलोपार्जित' म्हणताना जो आवाज मी लावते, तो तितका खरा नाही. ती खोताची होती. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण खोत लगेच गेला नाही, त्याला द्यायचा खंड काही वर्षं जातच राहिला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन उजाडला आणि आजोबा कागदावर मालक झाले. मग कुळकायद्यातली ३२ ग ची चौकशी, किमतीचे हप्ते, आणि सगळं फिटल्यावर ३२ म चं प्रमाणपत्र. पत्र्याच्या नळीत गुंडाळून ते देवघराच्या फळीवर ठेवलेलं असायचं आणि चतुर्थीला त्याला हळदकुंकू लागायचं. आजोबांना वाचता येत नव्हतं. पण त्यावरचा शिक्का कुठे आहे ते त्यांना माहीत होतं, आणि तिथेच ते बोट लावायचे. ज्या कायद्याने हे सगळं आमचं केलं त्याचं एका ओळीतलं तत्त्व म्हणजे कसेल त्याची जमीन. खोत मुंबईत बसून हक्क सांगत होता, आजोबा चिखलात उभे होते, कायद्याने आजोबांची बाजू घेतली.

आता मुंबईत कोण बसलंय?

दादाचं काय चुकतंय हे मला खरंच सांगता येत नाही. तौक्ते वादळ आलं, मे २०२१ मध्ये, तेव्हा आमची कलमं मुळांसकट आडवी झाली. मी फोनवर रडले आणि जीपेवर पैसे पाठवले. करवत लावून ती झाडं तोडली, ओढली, लाकडाचा व्यवहार केला, पंचनाम्याला तलाठ्यांच्या मागे फिरला तो दादा. त्या आधी आणि नंतर जे चालूच आहे ते वेगळं. डिसेंबरात थंडी पडत नाही, मोहर उशिरा येतो, आला की त्यावर थ्रिप्सची कीड. फवारणीचं बिल आंब्याच्या आधी येतं. राखणीला नेपाळी जोडपं ठेवलंय, त्यांचा पगार, रेशन. माडांवर माकडं अशी बसतात की कोवळे नारळ खाली पडलेले दिसले तरच त्या वर्षी माडाने धरलं होतं हे कळतं. मुलगा गोव्यात हॉटेलात आहे, मोपा विमानतळाच्या बाजूला, महिन्यातून एकदा येतो आणि बापाला हिशेब विचारतो. गेल्या चतुर्थीत खळ्यात बसून आम्ही भांडलो. म्हणजे मी बोलले, बराच वेळ, पाणी, झरे, गायरान, पुढची पिढी. दादा सुपारी कातरत ऐकत होता. मग म्हणाला, "सड्यार काय पिकता गो? कातळ आणि वारो." आणि थोड्या वेळाने, अडकित्ता खाली ठेवून, "तुका माहेर होयां. माका घर चलवचां आसा." वहिनी आतून चहा घेऊन आली. माझ्या बाजूने ती काही बोलेल अशी मला उगाच आशा होती. तिला स्लॅबचं घर हवंय, संडासबाथरूम आत असलेलं, आणि पावसाळ्यात कौलं परतायला माणूस शोधायचं थांबायला हवंय. तिचं नाव सातबाऱ्यावर कुठेच नाही. उभं आयुष्य त्या जमिनीत गेलंय ते तिचं.

विरोधाचे शब्द आपल्याकडे तयार असतात, पण ते कोकणातल्या प्रकल्पांविरुद्धच्या मोठ्या लढायांचे. एन्रॉन, माडबन, नाणार, बारसू. तिथे समोर सरकार असतं, अधिसूचना असते. जमीन जबरदस्तीने जाणार असते, म्हणून वाडीच्या वाडी रस्त्यावर बसते आणि भाऊबंदसुद्धा एका सतरंजीवर येतात. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली तेव्हा आम्हीही एकमेकांना पेढ्यांचे फोटो पाठवले होते, आणि त्यात आज विकायला निघालेले दोन काकाही होते. इथे कोणी जबरदस्ती करत नाही. इथे राजीखुशी आहे, चहापाणी आहे. ज्याला विरोध करायचा तो पंगतीत शेजारी बसून माझ्या पानात उकडीचा मोदक वाढतो. त्याच्याविरुद्ध घोषणा कसली देणार? गाऱ्हाणं घालतानासुद्धा गावकर म्हणतो, "ह्या घराच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा," आणि आम्ही सगळे, विकणारे आणि न विकणारे, एकाच आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो.

शेजारच्या गावात असा एक सडा आधीच गेलाय. मी मुद्दाम बघायला गेले. चिऱ्यांची भिंत, वर काचांचे तुकडे नाहीत, तेवढी अभिरुची आहे. फाटकावर गावचाच पोरगा, निळ्या गणवेशात. त्याने मला "मॅडम" म्हटलं आणि वहीत नाव लिहायला सांगितलं. पूर्वी ज्या पाणंदीने खालच्या वाडीतली माणसं देवाच्या स्थळापर्यंत जायची, ती फाटकाच्या आत गेली. अडवत नाहीत कोणाला, असं तो म्हणाला. वहीत लिहायचं आणि जायचं. पण माणसं आता लांबच्या रस्त्याने जातात, कारण देवचाराला विडी आणि नारळ ठेवायला जाताना वहीत 'भेटीचे कारण' काय लिहायचं? आत समुद्राकडे तोंड करून निळा तलाव आहे. समुद्र समोर दिसत असताना त्यात पोहणं मला समजत नाही, पण तो माझा प्रश्न. प्रश्न पाण्याचा आहे. सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वर बोअर मारून उपसा सुरू झाला, आणि खालच्या वाडीत एप्रिलपासून टँकर येतो. बोअरचा आणि टँकरचा संबंध कोणी कागदावर सिद्ध केलेला नाही. वाडीतल्या बायका मात्र कागदाची वाट बघत नाहीत, त्या सरळ सांगतात. हेही सांगायला हवं, की त्याच वाडीतल्या काही मुलांना तिथे काम लागलंय, पगार ठरल्या तारखेला होतो, आणि एका मुलीने त्यातून बहिणीचं नर्सिंग पुरं केलं.

आमच्या कातळावर काहीतरी सापडावं म्हणून मी एकदा स्वार्थी मनाने फिरले. कातळशिल्पं. आमच्याच जिल्ह्यातल्या कुडोपीची शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, मग आमच्याकडेही एखादा मासा, एखादी आकृती का नसावी? नुकता मृगाचा पाऊस होऊन गेलेला. कातळाच्या फटींत दीपकाडीची पांढरी फुलं उभी होती, खळग्यांत साचलेल्या पाण्यात बेडकांची पिल्लं, आणि चपलेखाली ते काळं शेवाळ, जपून पाऊल टाकलं नाही तर सरळ कंबरेवर. शिल्पं काही मिळाली नाहीत. मिळाल्या त्या लाल रंगाने खुणा केलेल्या लोखंडी सळ्या, ठरावीक अंतरावर कातळात ठोकलेल्या. दोन सळ्यांच्या मध्ये कोणाची तरी म्हैस निवांत चरत होती.

त्या सळ्यांवरून मी त्या मुलाला गाठलं, तर म्हणाला, "आता पन्नास मीटर सोडले की झाला, कायदो बदलल्यानी." कायदा बदलला हे खरं, सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, २०१९ ची अधिसूचना. पण पन्नास मीटरची सवलत आहे ती २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असलेल्या दाट वस्तीच्या ग्रामीण भागाला. आमच्या जिल्ह्याची सरासरी घनता १६३. आमच्या गावात तर म्हशी धरल्या तरी दोन हजाराचा आकडा गाठणं कठीण. म्हणजे आमच्याकडे भरतीरेषेपासून दोनशे मीटरच. हे मी त्याला सांगितलं, तर तो हसला आणि म्हणाला, "आत्ये, तुमी वाचलास तर. बाकी कोण वाचता?" त्याला माझा राग नाही. मलाही त्याचा येत नाही, हेच अवघड आहे.

खरा राग आला तो आत्याशी बोलताना. ती ऐंशीच्या पुढे आहे, सासरी, कणकवलीकडे. तिचा हिस्सा तिने केव्हाच सोडला. सोडला म्हणजे काय, काकांनी बोलावलं, ती राखी घेऊन आली, पाटावर बसवून ओटी भरली आणि कागद पुढे केला. मुलींना मुलांइतका हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती तेव्हा लांब होती, आणि असती तरी माहेर तुटेल या भीतीपुढे कायदा टिकत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणींनी अशाच हक्कसोडी करून दिल्यात, शिकल्यासवरलेल्या, नोकऱ्या करणाऱ्या. मी आत्याला सड्याचं सांगितलं, म्हटलं तुझं काय मत? ती खूप वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "साडी दिल्यानी, आंगठो घेतल्यानी. माका तेव्हा कोणी इचारूक नाय. आता काय ता तुमी बघा." साडी कोणत्या रंगाची होती तेही तिला आठवत होतं. चिंतामणी.

म्हणून मी माझा विरोध कशासाठी आहे हे पुन्हा एकदा स्वतःशी नीट लावून बघितलं. आठवणी आहेत म्हणून? त्या दादाच्याही आहेत, जास्त आहेत. निसर्ग आहे म्हणून? मी मुंबईत सातव्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद पडली की माझं निसर्गप्रेम दुसऱ्या मजल्यावर संपतं. शेवटी हाताशी राहिलं ते पाणी आणि वाट. सडा आमच्या नावावर असला तरी त्याच्या पोटातून येणारं पाणी सबंध वाडीचं आहे, आणि वाडीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं नाव त्या सातबाऱ्यावर नाही. त्यांना या व्यवहारात ना सही, ना पैसा. त्यांच्या वतीने 'नाही' म्हणायला माझी सही जागेवर आहे, एवढंच. पण त्या 'नाही'चं बिल दादाने का भरावं? आपण नकार द्यायचा आणि माकडं, फवारणी, कौलं त्याच्या गळ्यात ठेवून रात्रीच्या गाडीने परतायचं, याला विरोध म्हणायचं असेल तर खोतही विरोधच करत होता.

तेव्हा मी दादापुढे एक गोष्ट ठेवली. कलमांच्या उतारात आणि घरात माझा जो हिस्सा आहे तो मी त्याला सोडते. लिहून. त्याला बँकेकडे जाता येईल, घर पाडून बांधायचं तर माझ्या सहीला थांबावं लागणार नाही. वहिनीला स्लॅब टाकता येईल. सड्यावरचं नाव मात्र मी काढणार नाही, वाटपही मागणार नाही, आणि कंपनीने दावा लावला तर वकिलाचा खर्च माझा. डोंबिवलीच्या चुलतभावाला हे ऐकून हसू आवरेना. "सोनं सोडून दगड घेतेस," म्हणाला. माझ्या मुलानेही जवळपास तेच म्हटलं, फक्त इंग्रजीत. बडोद्याच्या हिश्शाची फेरफाराची नोटीस लागली होती, तिच्यावर मुदतीचे पंधरा दिवस संपायच्या आत हरकत नोंदवली. मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होईल. हरकत टिकेलच असं नाही, वकिलांनी तसं स्वच्छ सांगितलंय. वेळ मिळतो, म्हणाले.

दादाने लगेच काही उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी फोन करून विचारलं, की हक्कसोडीला खर्च किती येतो. तेव्हा कळलं, की सख्ख्या भावाला वडिलोपार्जित हिस्सा सोडला तर पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर भागतं, पण चुलतभावाला सोडला की तो व्यवहार खरेदीखतासारखा धरून मुद्रांक शुल्क पडतं. चुलतभावाला कोणी फुकट काही देईल असं कायदा करणाऱ्यांच्या मनात आलं नसावं, आणि आमच्याकडची उदाहरणं पाहिली तर त्यांना दोष देता येत नाही. "म्हंजे जमीन पण तूच देतलंस आणि ड्युटी पण तूच भरतलंस?" दादा म्हणाला. मी म्हटलं, भरते. तर त्याला ते लागलं. बराच वेळ घासाघीस झाली, उलटीच, तो जास्त द्यायला बघतोय आणि मी कमी घ्यायला. शेवटी निम्मं निम्मं ठरलं. मागून वहिनीचा आवाज आला, माझा वाटा आंब्यांच्या पेट्यांत वळता करून घ्या म्हणून, आणि दादा तिच्यावर ओरडला. सड्याबद्दल तो अजून काही बोललेला नाही.